सध्या काय ऐकताय? आमच्या बैठकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी डोंबिवलीला आमच्या घरी दहा-बारा जण जमतात. सध्या जो अल्बम ऐकत असाल तो येताना आणायचा, त्यातला थोडा सगळ्यांना ऐकवायचा, बस. आठ वर्षं हे चाललंय. नवीन माणूस येणार असला की आधी फोन येतो आणि फोनवर तेच ते प्रश्न. मी पोळ्या लाटता लाटता उत्तरं देते आणि निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाची सगळी लिहून काढली.

नेमकं काय चालतं तिथे?

सव्वापाचपासून लोक येतात. साडेपाचला पहिली बाजू, म्हणजे रेकॉर्डची एक बाजू, लागते. त्यानंतर आलात तर बाजू संपेपर्यंत दाराशीच उभं राहायचं, बेल वाजवायची नाही. दार लोटलेलं असतं. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, कारण पहिली दोन वर्षं प्रत्येकाला चहानंतरचा नंबर हवा असायचा. ज्याची चिठ्ठी निघेल तो उठतो, काय आणलंय ते सांगतो आणि लावतो. मग पाच-सात मिनिटं त्यावर बोलणं, की पुढची चिठ्ठी. साडेआठला आवरतं घेतो, बदलापूरला जाणारे दोघं आहेत. एवढ्या वेळात सहा जणांचं होतं. उरलेल्यांना पुढच्या महिन्यात आधी संधी मिळते, पण तोवर त्यांचं ‘सध्या’ बदललेलं असतं, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर आमच्याकडे उपाय नाही.

अल्बमच का? आवडीची दोन-चार गाणी ऐकवली तर?

आवडीची गाणी तुम्ही एरवी ऐकताच. अल्बममध्ये कोणीतरी बसून क्रम लावलेला असतो. कशानंतर काय, बाजू कुठे संपवायची, शेवटी काय ठेवायचं हे ठरवलेलं असतं, आणि ते ऐकायला कोणाला वेळ नसतो.

एक उदाहरण देते. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या तिघांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाला. संतूर, बासरी आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, अशी त्यामागची कल्पना. म्हणून सुरुवातीला अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू. रेकॉर्ड उलटली की भूप, देस आणि शेवटी पहाडी. उजाडल्यापासून रात्रीपर्यंत. आमच्याकडे एका मुलाने हा अल्बम फोनवरून लावला आणि शफल, म्हणजे गाणी वाटेल त्या क्रमाने लावायची सोय, चालू राहिलं होतं. आधी पहाडी लागला, त्यामागोमाग अहिर भैरव. मागून कोणीतरी म्हणालं, “मेंढपाळ रात्रपाळीला आहे वाटतं.”

तेव्हापासून फोन जोडण्याआधी शफल बंद आहे का हे सगळ्यांसमोर दाखवावं लागतं. तक्रार काही फक्त आमची नाही. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये गायिका अडेलने मागणी केली म्हणून स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपने अल्बम उघडल्यावर समोर येणारं शफलचं बटण बाजूला सारलं. गाणी लावलेल्या क्रमानेच ऐकली जावीत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

शिवाय अल्बममधलं तिसरं किंवा चौथं गाणं नावाची एक गोष्ट असते. आपण ते कायम पुढे ढकलतो. श्रीधर फडक्यांचं संगीत आणि आशाबाईंचा आवाज असलेला ‘ऋतु हिरवा’ किती घरांतून वाजला, पण त्यातली दोन सोडून बाकीची गाणी सांगा म्हटलं तर बरेच जण छताकडे बघतात. आमच्याकडे पूर्ण बाजू लागली तेव्हा एक जण चक्क म्हणाला, “हे गाणं यातलं आहे?” त्याच्या घरी ती कॅसेट पंचवीस वर्षं होती.

‘सध्या’ म्हणजे कधीपासूनचं?

गेल्या महिन्याभरात निदान तीनदा ऐकलेलं. आयुष्यातलं सर्वात लाडकं आणू नका, आणि बैठकीत शोभेल असं तर मुळीच आणू नका. आमचा खरा नियम हा एकच. बाकीचे मोडले तरी चालतात.

हा नियम आला कुठून, तर बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका सलग तीन महिने मल्लिकार्जुन मन्सूर घेऊन आले. दर वेळी अप्रचलित राग, जोडराग, जयपूर-अत्रौली घराण्याची साग्रसंगीत माहिती. ऐकायला छानच, मन्सूरअण्णांना कोण नाही म्हणणार. चौथ्या महिन्यात काका रिकाम्या हाताने आले. चिठ्ठी निघाली तेव्हा थोडा वेळ बसून राहिले आणि म्हणाले, “खरं सांगू का, मी लोकलमध्ये आबा ऐकतो.”

आमच्या सासूबाईंनी विचारलं, “कुठले आबा? कीर्तनकार का?”

ते आबा स्वीडनचे निघाले, ‘ॲबा’ नावाचा पॉप गट. काकांनी फोनवर १९७६चा ‘अरायव्हल’ लावला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुठलीही माहिती न सांगता बोलले. दोन बायकांचे आवाज एकमेकींवर असे चढवलेत की कुठला कोणाचा हे सुटं करता येत नाही; ते सुटं करता यावं म्हणून डोंबिवलीहून निघाल्यापासून ठाणं येईपर्यंत ते एकच गाणं परत परत लावतात. अजून जमलेलं नाही, म्हणाले. तीन महिन्यांच्या मन्सूरांपेक्षा त्यांची ती पाच मिनिटं आम्हाला जास्त आठवतात. मन्सूर ते अजूनही आणतात, पण आता खरंच ऐकत असतील तेव्हा.

दुसऱ्या टोकाला एक शिक्षिका आहेत, त्यांचं ‘सध्या’ वर्षभराचं आहे. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, सुरू झालं. गदिमा आणि बाबूजींनी आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं दिली, त्याला वर्षाहून थोडा अधिक काळ लागला. या बाई तशाच ऐकतात, आठवड्याला एक. पहिलं गीत शुक्रवारी लागलं होतं म्हणून शुक्रवारीच, शाळेत निघण्याआधी. मधल्या आठवड्यात पुढचं गीत कानावर पडू नये म्हणून गणपतीत त्या एका मांडवासमोरून वळसा घालून जात होत्या. सीतास्वयंवर झालं तेव्हा त्यांनी आम्हाला पेढे दिले.

मला गाण्यातलं काही कळत नाही. आलं तर चालेल?

चालेल. राग ओळखू शकणारे आमच्यात तिघं आहेत आणि त्यांचं आपसात एकमत होत नाही.

ऐकवून झाल्यावर बोलायचं काय?

‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ आणि ‘शब्दच नाहीत’ या तिन्हींना बंदी आहे. शब्द नसतील तर गप्प बसता येतं. घराणं, पुरस्कार, जन्मसाल हे कव्हरच्या पाठीवर छापलेलं असतं, आणि कव्हर आम्ही हातोहात फिरवतोच.

तुम्ही हे कधी ऐकता, काय करताना ऐकता आणि तुमचा कान कुठे अडकला, एवढं सांगा. मागच्या पावसाळ्यात एकीने किशोरीताईंची बागेश्री आणि भूप असलेली एलपी आणली होती. भूपातलं ‘सहेला रे’ सगळ्यांना पाठ, त्यामुळे लोक मान डोलवायच्या तयारीत बसलेले. ती म्हणाली, “मी सध्या त्याच्या आधीचा विलंबित ख्यालच ऐकते आहे, सकाळी कुकर लावून. तीन शिट्ट्यांत तो संपत नाही. गॅस बंद करते आणि ओट्याशी तशीच उभी राहते. मग डबा उशिरा होतो.” एवढंच बोलून ती खाली बसली. त्यानंतर लागलेला भूप आम्ही सगळ्यांनी ओट्याशी उभं राहिल्यासारखा ऐकला.

फक्त शास्त्रीय आणि भावगीतंच असतात का?

गेल्या महिन्यात निघालेल्या सहा चिठ्ठ्या सांगते, तुम्हीच ठरवा.

पहिली ‘अभंग तुकयाचे’, लताबाई आणि श्रीनिवास खळे. आणणारे आजोबा दर आषाढात तीच आणतात, आणि त्यांच्या बाबतीत ते पूर्ण खरं आहे. दुसरी नववीतल्या मुलीची: बीटीएसचा ‘लव्ह युअरसेल्फ: टिअर’. कोरियन गाण्यांचा अर्थ तिने वहीत मराठीत लिहून आणला होता आणि तो वाचायला गाणी मधेच थांबवली, जे नियमात बसत नाही, पण आम्ही बसवून घेतलं. तिसरा ‘शक्ती’ या गटाचा पहिला अल्बम, १९७६चा, मॅकलॉफ्लिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, विनायकरामांचा घटम् आणि झाकीरभाई. आणणारा स्वतः तबला वाजवतो. २०२४च्या डिसेंबरात झाकीरभाई गेल्यापासून तो झाकीरभाईंचा एकेक अल्बम काढून ऐकतो आहे. बाजू संपल्यावर तो काही बोलला नाही. कोणी विचारलंही नाही.

चौथी चिठ्ठी मिलिंद इंगळे आणि सौमित्रचा ‘गारवा’. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे आधी हशा झाला, मग मधल्या कविता सुरू झाल्या आणि लक्षात आलं की चाळिशीच्या आसपासच्या सगळ्यांचे ओठ हलताहेत. पाचवी आमच्या म्हापशाच्या मैत्रिणीची, ख्रिस पेरींच्या चाली आणि लॉर्नाचा आवाज, जुनी कोंकणी गाणी कॅसेटवर. तिच्या नवऱ्याला ती गाणी आवडत नाहीत, म्हणून ती आमच्याकडे येते, असं ती उघड सांगते. शेवटी पिंक फ्लॉइडचा १९७३चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. त्याच्या पहिल्या बाजूत एका ठिकाणी खोलीभर घड्याळं एकदम टोल देतात आणि गजर वाजतात. सासूबाई उठून आतल्या खोलीत गजर बंद करायला गेल्या.

प्रत्येकाला वेळ किती मिळतो?

एक बाजू. बारा इंची एलपी मिनिटाला सव्वातेहतीसच्या वर जरा, म्हणजे ३३⅓ फेरे घेते आणि एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं बसतात. आमचं माप तेच. फोनवरून लावणाऱ्यांनाही तेवढंच, त्यांनी आपली ‘बाजू’ कुठे उलटते ते आधी ठरवून यायचं. सीडीवाल्यांची पंचाईत होते, चौऱ्याहत्तर मिनिटं सलग आणि उलटायला काही नाही. कॅसेटवाले ‘साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं असतात’ म्हणून दर वेळी वाद घालतात आणि दर वेळी हरतात.

७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, म्हणून ती आणणाऱ्याला पाच-सहा तबकड्या लावायची मुभा आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हापासून गाणाऱ्यांना तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवायची कसरत करावी लागली. शेवटी त्या ‘माय नेम इज गौहरजान’ म्हणतात ते मिरवायला नाही. मुद्रण छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तिथल्या लोकांना गाणारी कोण हे कळायला हवं, म्हणून. केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली, तिच्यावर ती आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंचा आवाज नेपच्यूनच्या पलीकडे पोचला, आणि आमच्या पेटीतली त्यांची तबकडी मात्र दुसऱ्याच ओळीला अडकते.

सिनेमाची गाणी, किंवा ‘सर्वोत्कृष्ट’ छापाचे संग्रह चालतात का?

सिनेमाची रेकॉर्ड चालते, रेकॉर्डवरच्या क्रमाने ऐकत असाल तर. कंपनीने काढलेले ‘सदाबहार’, ‘सुपरहिट’, ‘अमुक तमुकची शंभर गाणी’ हे चालत नाहीत. यावर एकदा मतदान झालं आणि सात विरुद्ध चार अशा मतांनी हे ठरलं.

पण भरून घेतलेली कॅसेट चालते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या दुकानात गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, आठवड्याने दुकानदार गाणी भरून द्यायचा. यादी करायला लोक रात्र रात्र बसत, कारण एकूण मिनिटं मोजावी लागत. माझ्या वडिलांनी १९८६ साली नव्वदची कॅसेट भरून घेतली होती. आतल्या कागदावर त्यांच्या बारीक अक्षरात क्रमांक, गाणं, सिनेमा, कंसात मिनिटं. हिशेब कुठेतरी चुकला आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात, ‘दि’ आणि ‘ल’च्या मधे तुटलं. लहानपणी मी ते शेकडो वेळा तसंच ऐकलं. आजही रेडिओवर ते पूर्ण लागलं की पुढचा अंतरा मला कोणीतरी उगाच जोडल्यासारखा वाटतो. त्या कॅसेटला अल्बम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

ऐकताना बोललं तर? दाद दिली तर? फोन आला तर?

बोलायचं नाही. दाद आपोआप निघाली तर निघू दे, वाजणाऱ्या रेकॉर्डला ‘क्या बात है’ म्हणणाऱ्याला इथे कोणी हसत नाही. फोन दाराजवळच्या भाजीच्या टोपलीत.

एखाद्याने आणलेलं अजिबात आवडलं नाही तर?

बाजू पूर्ण ऐकायची. त्यानंतर ‘मला नाही आवडलं’ म्हणायला पूर्ण मोकळीक आहे. ‘याला काय संगीत म्हणतात का’ म्हणायचं नाही. एक गृहस्थ दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा आलेच नाहीत.

रेकॉर्डवर खरंच जास्त चांगलं ऐकू येतं का?

यावर आमच्याकडे भांडणं झाली आहेत, पुन्हा नकोत. माझं मत विचाराल तर रेकॉर्ड लावायला उठावं लागतं, वीस मिनिटांनी उलटायला पुन्हा उठावं लागतं, म्हणून माणूस लक्ष देऊन ऐकतो. आवाजाचा भाग त्यानंतरचा.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं पहिल्या दिवशीचं ध्वनिमुद्रण चाललं होतं तेव्हा टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवलं की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जरा चढ्या लागतात. १९९२ साली कुठे ते दुरुस्त करून नव्याने काढलं. आमच्यातल्या एकाच्या मामाने सत्तरच्या दशकात अमेरिकेहून आणलेली जुनी प्रत त्याच्याकडे आहे. ती लावली तेव्हा आमच्या पेटी शिकवणाऱ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. शेजारी पेटी होतीच. काळी दोन दाबून पाहिली, पांढरी तीन दाबून पाहिली, आणि म्हणाल्या, “हे कुठल्याच पट्टीत नाही. मधेच कुठेतरी आहे.” त्या दिवशी नियम मोडून आम्ही दुसरी बाजूही लावली. ती पेटीशी बरोबर जुळली. बाईंनी त्याआधी जॅझ ऐकलेलं नव्हतं, माइल्स डेव्हिस हे नावही नाही. मामाची प्रत आणणारा मुलगा तोवर नुसता हसत होता, त्याला हे आधीपासून माहीत होतं.

मीही रेकॉर्ड प्लेअर घेऊ का?

लगेच नको. सहा महिने या, ऐका, मग ठरवा. घ्यायचाच झाला तर सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांतल्या बऱ्याच जणांची सुई रेकॉर्डवर पाच ग्रॅमच्या आसपास भार टाकते. बऱ्यापैकी यंत्रात तो दोनच्या आगेमागे असतो. जास्त भार म्हणजे रेघेची झीज. हिऱ्याची सुईही पाचशे ते हजार तास चालते, त्यानंतर ती बदलायची. ७८च्या तबकडीला वेगळी, जाड टोकाची सुई लागते, एलपीची लावू नका. आणि त्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका, त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने लाख विरघळते. हे मी वाचून सांगत नाहीये. माझ्या आजोबांच्या तबकडीचा एक कोपरा मी स्वतः पुसून घालवला आहे.

दुरुस्तीला टाकताना सुईचा फोटो काढून ठेवा. एका दुकानातून आमचा प्लेअर दुरुस्त होऊन परत आला तेव्हा आवाज खरखरीत यायला लागला. पाहिलं तर सुई दुसरीच, वापरलेली. दुकानदार म्हणाला, हीच होती. आमच्याकडे पुरावा नव्हता.

घरी खोकेभर कॅसेटी आहेत, बुरशी आली आहे. टाकून देऊ?

टाकू नका, पण तशाच वाजवूही नका. पांढरी बुरशी डेकच्या हेडवर लागते आणि मग प्रत्येक कॅसेटला लागते. कोकणातून आलेल्या कॅसेटींत हे हमखास दिसतं. आधी कॅसेट हाताने, पेन्सिल घालून, पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, चिकटलेली टेप सुटी होते. मग हेड साफ करून वाजवा, आणि दोन कॅसेटींच्या मधे पुन्हा साफ करा. ठेवताना डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जुन्या डेकचा रबरी पट्टा डिंकासारखा वितळलेला असेल; तो बदलून मिळतो. आधी आकाशवाणीवरून किंवा घरच्या मैफलीतून भरलेल्या कॅसेटी वेचून काढा, बाजारात मिळणाऱ्या मागाहून. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसच्या कॅसेटी निघाल्या तर आम्हाला कळवा, निदान बघायला तरी येऊ.

जुन्या रेकॉर्डी कुठे मिळतील?

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, आणि ओळखीतल्या ज्यांच्या घराचं रीडेव्हलपमेंट चाललंय ते सगळे. तिसरी जागा सर्वात चांगली. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, त्याची हळहळ आमच्याकडे दर दोन बैठकींआड एकदा होते. घेताना रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून उजेडात तिरपी धरा. नखाला लागणारा चरा असेल तर सोडून द्या, नुसता दिसणारा असेल तर घासाघीस करा. आणि आत तीच रेकॉर्ड आहे ना, ते वाचा. मी ‘शिवकल्याण राजा’च्या कव्हरातून एका सर्कशीच्या बँडची रेकॉर्ड घरी आणली आहे. ती अजून बैठकीत लावायची राहिली आहे.

आवडलेलं कॉपी करून मिळेल का?

नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षं राहतो, आणि शब्द-चालींचा हिशेब आणखी वेगळा. नाव लिहून घ्या आणि शोधा. कव्हरचा फोटो काढायला हरकत नाही.

आम्ही परदेशात असतो. व्हिडिओ कॉलवरून ऐकता येईल?

करून पाहिलं, फसलं. माझी भाची डब्लिनला असते, तिला जोडलं होतं. कॉलचं यंत्र सलग येणारा आवाज गोंगाट समजून गाळतं. पंख्याचा आवाज म्हणून त्याने तानपुरा काढून टाकला. तिला ऐकू आले ते मधूनमधून उगवणारे भीमसेनजी, आणि ते गेले की शांतता. तिला वाटलं, फार मोठे विराम घेतात. आता आम्ही काय लावणार ते तिला आधी कळवतो. ती तिकडे तोच अल्बम आपल्या स्पीकरवर लावते आणि नंतर फोनवर बोलायला येते. तिकडे दुपार असते, तिच्या बोलण्यात जेवणाचा घास असतो.

वर्गणी किती? खायला काही आणू का?

वर्गणी नाही. वर्षातून एकदा सुईसाठी टोपी फिरते. खायला आणाल तर कुरकुरीत काही नको, चिवडा तर नकोच. बाजू चालू असताना चिवडा खाणारा माणूस ७८च्या खरखरीपेक्षा वाईट. शिरा चालतो.

लिफ्ट आहे का?

नाही, तिसरा मजला. रेकॉर्डीची पेटी घेऊन येणार असाल तर खालून हाक मारा, कोणीतरी उतरेल. साडेपाचनंतर आलात तर हाक मारू नका, बाजू संपेपर्यंत पेटी घेऊन जिन्यात बसा. दुसऱ्या मजल्यापर्यंत व्यवस्थित ऐकू येतं.